बुजलेली मोरी: दापोलीकडच्या एका अंगणाचं प्रकरण

ऑगस्टचा तिसरा आठवडा होता, मघा नक्षत्र नुकतंच लागलं होतं. मावशीचा फोन आला, "अगं, लॉन पुन्हा गेलं. या वेळी तर मातीला वास येतोय." वासाचं ऐकलं आणि मी दुसऱ्याच दिवशी दापोलीची गाडी धरली. हिरवळ पिवळी पडायला बरीच कारणं असू शकतात. मातीला वास सुटतो तेव्हा मात्र आधी पाण्याकडे बघावं लागतं.

मावशी आणि काका निवृत्त झाल्यावर डोंबिवलीहून दापोली तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. जुनं घर नीट केलं, मंगलोरी कौलं उतरवून पत्रे घातले. घरासमोरचं अंगण साधारण ३ गुंठ्यांचं आहे. वरच्या बाजूला डोंगराचा उतार, त्याला जांभ्याच्या चिऱ्यांचा जुना गडगा म्हणजे दगडी बांध, उत्तरेच्या कोपऱ्यात फणसाचं मोठं झाड. काकांना कित्येक वर्षांपासून घरापुढे हिरवळ हवी होती. म्हणून जेसीबी लावून अंगण सपाट केलं, पायाच्या खोदकामातून निघालेली लाल माती पसरली, रोलर फिरवला आणि मे महिन्यात १ गुंठ्यावर मेक्सिकन लॉनच्या पट्ट्या अंथरल्या. वास्तुशांतीला मी गेले होते. सगळं हिरवंगार आणि एका पातळीत दिसत होतं. तेव्हा मी फक्त छान म्हटलं. पाणी कुठून जाणार हे विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही, याची मला आजही चुटपुट आहे.

पहिल्या पावसाळ्यात आर्द्रा नक्षत्रापर्यंत हिरवळ चांगली होती. पुष्य लागेपर्यंत ती पिवळी पडली. कुणीतरी युरिया टाकायला सांगितलं, काकांनी भर जुलैत दोनदा टाकला. चार दिवस पाती हिरवी झाली, मग बुडाशी मऊ पडून आडवी झाली. गणपतीच्या सुमारास उघड्या जागी हिरवं-काळं शेवाळ आलं होतं. ऑक्टोबरात नव्या पट्ट्या आणून ठिगळं लावली. दुसऱ्या पावसाळ्यात तीही गेली, आणि तेव्हा मला फोन आला.

पावसात उभं राहून पाहिलेलं

त्या दिवशी सकाळपासून सर धरून होती. मी छत्री घेऊन तासभर नुसती उभी राहिले. पावसाळी प्रदेशातल्या बागेची तपासणी पावसातच करावी असं मला वाटतं. ऊन पडल्यावर माणसं सांगतात ते त्यांना आठवत असतं तेवढं, आणि पाणी जाताना कुठली वाट धरतं ते आठवणीत नेमकं राहत नाही.

पाणी तीन ठिकाणांहून येत होतं. एक आभाळातून, त्याला इलाज नाही. कोकण किनाऱ्याच्या या पट्ट्यात चार महिन्यांत ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दुसरं गडग्याच्या चिऱ्यांमधून पाझरत होतं. तिसरं पत्र्यावरून. जुन्या कौलांच्या पागोळ्या पडत तिथे पूर्वी चिऱ्यांची ओळ बसवलेली होती. नव्या पत्र्याला अंगणाच्या बाजूनं पन्हळ लावलेलाच नव्हता. आता हिशोब करा: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. अंगणाकडे उतरणारं छप्पर साधारण ७० चौरस मीटर. कोकणात १०० मिलिमीटरचा दिवस पावसाळ्यात एकदाच येतो असं नाही, आणि अशा एका दिवसात त्या छपरावरून ७,००० लिटर पाणी एका वीतभर पट्टीवर कोसळतं. तिथे नालीच पडली होती, आणि ओटीच्या पांढऱ्या भिंतीवर गुडघ्यापर्यंत लाल शिंतोडे होते. ते शिंतोडे म्हणजे अंगणातली मातीच, थेंबाच्या माऱ्यानं उडालेली. भिंतीवर चिकटली तेवढी दिसते, पाण्याबरोबर पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, जाते ती दिसत नाही.

हे सगळं पाणी येत होतं, आणि जायला वाट नव्हती. खालच्या बाजूनं फरशी घातलेली, वर बारीक कठडा. मधलं लॉन उथळ ताटासारखं भरलेलं.

पाऊस थांबल्यावर फूटभर खड्डा खणला. वरचे चार बोटं माती चिखल, त्याखाली पहार टाकली तर ठण्ण आवाज. यंत्राच्या वजनानं आणि रोलरनं दाबलेला थर. जांभ्याच्या उतारावर मुळात कसदार माती वीतभरच असते, पालापाचोळा कुजून कित्येक वर्षांत साठलेली. ती जेसीबीनं खरवडून बाजूला गेली होती आणि तिच्या जागी पायातली, कधी ऊन-वारा न पाहिलेली माती आली होती. खड्ड्याच्या तळाशी लाल रंगात राखाडी-निळसर डाग होते, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. माती आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिली, हवा मिळाली नाही, की मातीतल्या लोहाचा लाल रंग असा उतरतो.

गवताचा एक तुकडा ओढला, तो सहज हातात आला. असं गोधडीसारखं उचललं जाणारं गवत पाहिलं की पहिली शंका हुमणीची येते. वळवाच्या पावसानंतर भुंगेरे बाहेर पडतात, त्यांच्या अळ्या पुढे पावसाळाभर मुळं खातात. म्हणून चार जागी माती चाळून पाहिली. अळ्या नव्हत्या. हुमणीनं खाल्लेलं मूळ तुटलेलं दिसतं. इथे मुळं जागेवर होती, पण तपकिरी, आणि चिमटीत धरून ओढली की वरची साल सुटून आतला दोरा तेवढा हाती राहायचा. मुळं गुदमरून कुजली होती.

काकांचं म्हणणं वेगळं होतं. "बुरशी आहे ना? मग औषध सांग, आणि नव्या पट्ट्या टाकू." शेजारच्या आजोबांनीही मायेनं देऊ केलं, सुपारीवर फवारणी चालली आहे, उरलेलं बोर्डो मिश्रण नेऊन मारा. बोर्डोचं आमच्याकडे सुपारीवर मोठं काम आहे. १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), १ किलो चुना, १०० लिटर पाणी, आणि केलं त्याच दिवशी संपवायचं. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगाला पाऊस लागण्याआधी आणि मग साधारण ४० ते ४५ दिवसांनी फवारणी करून अडवतात. पण सुपारीच्या शेंड्यावरची बुरशी आणि बुडालेल्या मुळावरची बुरशी, दोन्हींकडे एकाच नजरेनं बघता येत नाही. इथे बुरशी नंतर आली, आधी हवा संपली. बोर्डोतलं तांबं मारलं असतं तर ते मातीत साठत गेलं असतं आणि मुळाला श्वास काही मिळाला नसता.

"काका, तुम्ही आणखी एक पट्टी विकत आणण्याआधी मला हे पाणी बाहेर काढू द्या," मी म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी अडवलंही नाही.

आजोबाच मग म्हणाले, "इथं गडग्याच्या कडेनं चर होता. तुझ्या काकांच्या वडिलांनी काढलेला. मोरी होती खाली, पाणी पलीकडे नेणारी."

ऑगस्टमध्ये काय केलं, काय केलं नाही

केलं अगदी थोडं. गडग्याच्या कडेनं कुदळीनं अरुंद चर ओढला आणि फरशीचे दोन चौकोन काढून पाण्याला तात्पुरती वाट दिली. हिरवळीवरून जाणं-येणं बंद केलं. ओल्या मातीवर माणसाच्या पायानंही थर दाबला जातो. फाटकापर्यंत पावलापावलावर चिरे टाकले. कापणी थांबवली, कारण यंत्राची चाकं चिखलात रुतून जिथे जात तिथे पन्हळी पडत होत्या.

खत घातलं नाही. यावर काकांशी बराच वेळ बोलावं लागलं, कारण पिवळं दिसलं की खत द्यावं असंच वाटतं. पण मुसळधार पावसात युरिया टिकत नाही. त्याचं नायट्रेट होतं आणि माती ते धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर खाली निघून जातं. जिथे पाणी साचलंय तिथे मातीतले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. जे थोडं गवताला मिळतं त्यानं पाती लुसलुशीत होतात, आणि सूर्य न दिसणाऱ्या आठवड्यात लुसलुशीत पातं बुरशीला आधी बळी पडतं. पहिल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. चुनाही नको म्हटलं. चिखलात टाकलेला चुना गठ्ठे होऊन बसतो, मातीत मिसळत नाही.

चर ओढल्यावर चौथ्या दिवशी वास गेला. गवत काही वाचलं नाही.

हस्त संपल्यावर

खरं काम ऑक्टोबरात झालं, आणि ते वाफशावर, म्हणजे माती खणण्याजोगी सुकल्यावर, झालं. मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. तो फुटला पाहिजे. नुसता चपटा झाला तर अजून थांबायचं. आम्ही हस्त उलटून आठवडाभर थांबलो. काका रोज सकाळी लाडू टाकून पाहत, आणि मला वाटतं त्या आठवड्यात त्यांना मातीत रस यायला लागला.

गडग्याच्या कडेचा चर दीड फूट खोल करताना खालच्या टोकाला कुदळ चिऱ्याला लागली. भरावाची माती काढत गेलो तर चिऱ्यांची बांधलेली मोरी निघाली, तळाला घडीव चिरे, बाजूला चिरे, वर आडवे दगड. आत गच्च मुरूम. ती साफ करायला दोन माणसांना पूर्ण दिवस लागला. संध्याकाळी आत बादलीभर पाणी ओतलं, ते पलीकडे पऱ्याच्या काठाला निघालं. काका तिथे उकिडवे बसून बघत होते. त्यांच्या वडिलांनी बांधलेलं हे काम त्यांनी लहानपणी पाहिलं असणार, पण अंगण सपाट करताना ते त्यांच्या डोळ्यांसमोर आलंच नाही. कागदावरच्या आराखड्यात घर असतं, गाडी लावायची जागा असते. जुन्या मोरीची रेघ कुणी काढत नाही. मला या प्रकरणातलं सगळ्यात जास्त दुःख याचंच आहे. आमच्याकडच्या कित्येक जुन्या घरांभोवती अशी पाण्याची व्यवस्था आहे, आणि दर वर्षी भरावाखाली तिचा थोडा थोडा भाग जातो आहे.

चरात जांभ्याचे फोडलेले तुकडे भरले. पत्र्याला पन्हळ लावला, त्याचं पाणी पिंपातून मोरीत सोडलं. पन्हळ ओसंडला तरी माती उडू नये म्हणून छपराच्या कडेखाली दोन फूट रुंद खडीची पट्टी केली. पाणी कुठे सोडतोय हे आजोबांना नेऊन दाखवलं, कारण खाली त्यांचं भाताचं खाचर आहे. आपल्या अंगणातलं पाणी दुसऱ्याच्या खाचरात ढकलून आपली बाग वाचवायची नसते.

मग माती. घट्ट थर पहारीनं फोडला, वीत-वीत अंतरावर. खरवडलेल्या जुन्या मातीचा ढीग फणसामागे पडून होता, त्यावर गवत माजलं होतं. तीच माती परत आणली, नवी विकत घेतली नाही. तिच्यात पुरतं कुजलेलं शेणखत आणि पातेऱ्याचं, म्हणजे गळलेल्या पानांचं, खत मिसळलं. कच्चं शेण मुद्दाम टाळलं, त्यातून हुमणी येते. मधोमध कासवाच्या पाठीसारखा उंचवटा ठेवला, ३० फुटांत अर्धा फूट उतार. डोळ्याला तो जवळजवळ कळत नाही, पाण्याला कळतो.

माती वाळल्यावर तपासायला दिली. सामू (पीएच) ५.२ आला, म्हणजे माती आम्ल, सेंद्रिय कर्ब कमी. जांभ्याच्या मातीतून इतक्या पावसानं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅश) धुऊन गेलेलं असतं, मागे लोह आणि अॅल्युमिनियम राहतं, आणि ते स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून बसतं. म्हणजे वरून स्फुरद घातला तरी मुळाला मिळतोच असं नाही. आम्ही १०० चौरस मीटरला २० किलोच्या हिशोबानं डोलोमाइटची पूड दिली, नोव्हेंबरात, मातीत ओल असताना. भट्टीचा चुना जवळ मिळत होता, पण तो जहाल असतो, थोडा जास्त पडला तरी कोवळी मुळं भाजतात. पूड हळू काम करते, तिला महिने लागतात, म्हणून ती पावसाळा संपताच द्यायची. शेणखत आणि युरिया तिच्याबरोबर देत नाहीत, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. म्हणून शेणखत आधी मातीत पूर्ण मुरवलं आणि पूड तीन आठवड्यांनी टाकली.

किती हिरवळ हवी?

हा प्रश्न मी काकांना डिसेंबरात विचारला, विहिरीच्या काठावर. उन्हाळ्यात हिरवळीला दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे १ गुंठ्याला रोज ४०० ते ५०० लिटर. चार महिने आभाळ फाटणाऱ्या या गावात मे महिन्यात विहीर तळ गाठते. घरात पाणी जपून वापरायचं आणि गवताला पाचशे लिटर द्यायचं, हे मावशीला आधीपासूनच पटत नव्हतं. "मला तर तिथं पडवळ-काकडीचा मांडव हवा होता," ती म्हणाली. दोन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

शेवटी हिरवळ ३५ चौरस मीटर ठेवायची ठरली, जिथे दिवसभर ऊन येतं त्या मधल्या उंचवट्यावर. मेक्सिकन लॉनऐवजी रुंद पात्याचं कार्पेट गवत लावलं. ते मखमली दिसत नाही, हे खरं. पण आम्ल माती, ओल आणि अर्धी सावली सोसतं. हरळी उन्हात उत्तम, पण ढगाळ आठवड्यांत आणि फणसाच्या सावलीत ती तग धरणार नाही, म्हणून तिचा विचार सोडला. ओटीजवळ मावशीसाठी फूटभर उंचीचे गादीवाफे केले; दोडकं, पडवळ, काकडीचा मांडव आणि कडेनं दसऱ्यासाठी झेंडू. खालचा, मोरीजवळचा कोपरा ओला राहणारच होता, तिथे अळू, कर्दळ आणि सोनटक्का लावला.

मे अखेर, रोहिणी लागल्यावर, वाफ्यांवर आणि झाडांच्या बुंध्यांभोवती चार बोटं पातेरा पसरला. काही बुंध्यांभोवती नारळाची सोडणं उपडी घातली. आंब्याच्या दोन कलमांची उन्हाळ्यातली आळी मोडून बुंध्याला मातीची भर दिली, आळ्यात पाणी साचू नये म्हणून. मोरी पुन्हा एकदा हातानं साफ केली.

पुढचा पावसाळा

जूनमध्ये मी मुद्दाम जाऊन राहिले. मृगाची पहिली मोठी सर आली तेव्हा सगळे ओटीवर उभे होतो. मोरीतून गढूळ पाणी आलं, तासाभरानं निवळ झालं. सर थांबल्यावर अर्ध्या तासात हिरवळीवर पाणी नव्हतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पातेऱ्याखाली गोगलगायी माजल्या. जुलैत झेंडूची रोपं एका रात्रीत खुडल्यासारखी झाली. मग कोवळ्या रोपांभोवतीचा पातेरा हातभर मागे सरकवला, आणि संध्याकाळी ओलं गोणपाट अंथरून पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, हा मावशीचा महिनाभराचा नेम झाला. आश्लेषात सलग दहा-बारा दिवस ऊन नव्हतं तेव्हा हिरवळीवर वाटीएवढे तपकिरी गोल उमटले. काकांचा फोन आला. मी विचारलं, पाणी साचतंय का? नाही म्हणाले. मुळं ओढून पाहिली का? पांढरी होती. मग काही करू नका, म्हटलं. श्रावणातलं ऊन-पावसाचं हवामान आलं तसे ते गोल भरत गेले. पाती कोरडी असतील त्या दिवशीच कापायचं, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही, आणि पावसाळाभर दोन इंचांच्या खाली जायचं नाही, एवढं त्यांनी पाळलं. खताचा पहिला हलका हात उत्तरा नक्षत्रात दिला, पाऊस ओसरल्यावर.

फणसाखालचा कोपरा मात्र पुन्हा गेला. तिथे मी कार्पेट गवताचा एक पट्टा हट्टानं लावला होता, तो जुलैतच विरळ होऊन शेवाळ आलं. सावली दाट, वरून पानांचं पाणी ठिबकतं, मुळांची जाळी मातीवर आलेली. काकांनी फणसाच्या दोन फांद्या तोडायचं सुचवलं. मावशीनं साफ नकार दिला आणि मी तिच्या बाजूनं बोलले. आता तिथे गवत लावणार नाही. फणसाचाच पातेरा तिथे राहू द्यायचा आणि कडेला नेचे लावायचे असं ठरलं आहे.

सप्टेंबरअखेर गेले तेव्हा ओटीची भिंत आधी पाहिली. खालच्या दोन बोटांपर्यंत लाली होती, त्यावर पांढरी. काका विळा घेऊन मोरीच्या तोंडाशी आलेलं गवत काढत होते. ऑक्टोबरात माती पुन्हा तपासायला द्यायची आहे, नमुने कुठून घ्यायचे याच्या पाच खुणा त्यांनी आधीच काठ्या रोवून करून ठेवल्या होत्या.